जोडी

मे महिना. भद्रावती पेठेत दुपारचे अडीच.
लाइट गेलेली, लूम गप्प,
आणि मी कारखान्याच्या फरशीवर खडूनं
दोन लांबट आकृत्या काढतोय,
एक एकशे अठ्ठ्याहत्तर, दुसरी एकशे चौऱ्याऐंशी सेंटीमीटर.
मल्लेशम जॉबर घाम पुसत विचारतो,
"मालक, कुणाला पुरायचंय?"

जुनी जोडी माळ्यावर आहे.
दोन हजार सात साली मनालीला वसुलीला गेलो,
हॉटेलवाल्या पलाम ठाकूरकडं रोकड नव्हती.
म्हणाला, हे घेऊन जा.
साठ चादरींच्या बदल्यात दोन फळ्या!
वडील आठ दिवस माझ्याशी
तेलुगूतसुद्धा बोलले नाहीत.

मग दर वर्षी गड्ड्याची जत्रा उठली, की मी वर.
सोलंगच्या उतारावर पहिल्या दिवशी पडलो
ते पाचव्या वर्षापर्यंत पडतच होतो,
पण ती जोडी माझं पडणं मनावर घ्यायची नाही.
देवदारांच्या मधून नेली तरी वळायची,
कडक बर्फावर दात रोवून धरायची,
ताज्या भुसभुशीत बर्फात
नाक वर काढून पोहायची, म्हशीसारखी.
उंचवटा दिसला, की मला न विचारता उडायची.
माझं वय तिला कधी कळलंच नाही.

आता तिचे थर सुटलेत, खारीसारखे.
कडेचं पोलाद गंजलंय, एका जागी तर पोलादच नाही.
या फेब्रुवारीत डावी करकरत होती,
पिकर सैल झालेला लूम करकरतो तशी.
मी यंत्रं ऐकून जगणारा माणूस. समजलो.

त्याच नावाची अजून मिळते.
नाव तेच, पण कमरेत रुंद झालीय,
वजन वाढलंय, स्वभाव ताठ.
शाळेतला दोस्त वीस वर्षांनी भेटावा
आणि त्यानं खिशातून व्हिजिटिंग कार्ड काढावं.

दिल्लीच्या दुकानदाराला फोन लावला.
सगळीकडं चालणारी पाहिजे, म्हटलं, पण खेळकर.
खेळकर त्याला कळेना.
मी 'नटखट' म्हणून बघितलं.
तो म्हणाला, बच्चों का माल अलग है, सर.

शेवटी म्युनिकहून सुट्टीला येताना
भाची स्रवंती दोन जोड्या घेऊन आली.
"एक तुझी मामा, एक मी परत नेते."
विमानतळावर तिला तिघांनी विचारलं म्हणे,
सोलापुरात हे कशाला?
आणि तिच्याकडं उत्तर नव्हतं.
माझ्याकडंही नाही.

शेपूट फरशीला टेकवलं, टोक धरलं,
मधोमध तळवा दाबला,
ताण्याचा ताण बघतात तसा.
जुन्या नावाची, चौऱ्याऐंशीची, वाकलीच नाही.
कर्ज मागायला गेल्यावर बँकेचा मॅनेजर बसतो, तशी.
दुसरी अनोळखी. सहा सेंटीमीटर आखूड.
रंग तर आमच्या गिऱ्हाईकानं परत पाठवावा असा.
पण टोकाशी मऊ, पायाखाली ठाम,
आणि सोडली तशी हातातून टुणकन उठली.
मल्लेशमनं चप्पल काढून ठेवली, मग हात लावला.
बर्फ त्यानं कुल्फीच्या गाडीवर बघितलाय तेवढाच.
दाबली. सोडली. पुन्हा दाबली.
"ही जित्ती हाय."

ठरलं.
सहा सेंटीमीटर मी गुडघ्यांना देऊन टाकले.
खडूच्या आकृत्या अजून होत्या,
निम्म्या सुताच्या धुळीत बुडालेल्या.
मोठी मल्लेशमनं पायानं पुसली
आणि बॉबिन भरायला गेला.

जुनीला अजून सांगितलेलं नाही.
रात्री अकराला माळ्यावर चढलो,
पत्र्याखाली ती इतकी तापली होती
की हात ठेववेना.
खाली येऊन
सेकंड प्रतीच्या मालातला एक टॉवेल काढला,
ओला केला, पिळला,
आणि वर जाऊन तिच्या अंगावर पसरला.